कागद कोणाच्या हातात

प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते. अलीकडच्या काठावर नेवासे तालुका, पलीकडे कायगाव आणि गंगापूर तालुका. माती दोन्हीकडे काळी, पाऊस दोन्हीकडे बेभरवशाचा, बोली जवळपास एकच, जत्रा-यात्रा सामायिक आणि सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या नदी ओलांडून झालेल्या. तरीही १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हे पात्र दोन राजवटींमधली हद्द होतं. अलीकडे १९४७पर्यंत इंग्रजांचा अहमदनगर जिल्हा, पलीकडे निजामाचा औरंगाबाद. हद्द पुसली गेली, दोन्ही काठ १९५६ साली एका राज्यात आले, १९६०पासून महाराष्ट्रात आहेत. तरी अलीकडच्या गावांच्या मागे पतसंस्था, कारखाना, दूध संघ, शिक्षणसंस्था अशी एक उतरंड उभी राहिली आणि पलीकडे ती उशिरा, विरळ नि पुष्कळदा पोकळ राहिली. या फरकाचं जे उत्तर चावडीवर सहज मिळतं ते असं की पश्चिमेकडचा माणूस कष्टाळू आणि धोरणी, मराठवाड्यातला सोशीक आणि सुस्त. म्हणजे संस्कृतीच वेगळी. हे उत्तर मला चुकीचं वाटतं. पण संस्कृतीचा काही संबंधच नाही, सगळा प्रश्न पाण्याचा आणि सरकारी पैशाचा आहे, हे दुसरं तयार उत्तरही मला अपुरं वाटतं. नदीच्या दोन काठांवर माणसं वेगळी नव्हती. कागदाशी त्यांचं नातं मात्र वेगळं होतं, आणि ते नातं संस्थांनी घडवलं होतं.

अलीकडच्या काठाची गोष्ट कागद जाळण्यापासून सुरू होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि बघता बघता पुणे नि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत तेच घडलं. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६०च्या दशकात कापसाला मिळालेला चढा भाव कोसळला होता, शेतसारा मात्र वाढीव दराने बसत होता आणि कर्ज फुगलं होतं. या दंग्यांत माणसांवर हात फारसा टाकला गेला नाही. जमाव खतं मागत होता, कर्जरोखे मागत होता, कोर्टाचे हुकूमनामे मागत होता. ते मिळाले की त्यांची होळी व्हायची, सावकाराला बहुधा सोडून दिलं जायचं. शेतकऱ्याला आपला शत्रू नेमका कळला होता. ज्या कागदावर आपला अंगठा आहे, पण ज्यात काय लिहिलंय ते आपल्याला वाचता येत नाही, तो कागद हाच तो शत्रू.

इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. या कायद्याने सावकारी संपली नाही, काही ठिकाणी ती अधिक सावध आणि महाग झाली. पण त्यात एक गोष्ट नवी होती. कर्जरोखा निबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे, कर्ज फेडणाऱ्याला पावती मिळाली पाहिजे, त्याने मागितला तर हिशेब दाखवला पाहिजे आणि न्यायाधीशाने कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासला पाहिजे. शेतकऱ्याला हिशेब मागण्याचा हक्क आहे, असं कोणीतरी लिहून ठेवलं. याच सुमारास विल्यम वेडरबर्न आणि महादेव गोविंद रानडे यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना मांडली. लंडनहून तिला नकार आला. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, १९११ साली मुंबईत सहकारी मध्यवर्ती बँक उभी राहिली आणि वैकुंठभाई मेहतांसारख्या माणसाने तिच्यात आयुष्य घातलं. १८७५ ते १९११ म्हणजे छत्तीस वर्षं. एवढ्या काळात कुठेही भरभराट झाली नाही, दुष्काळ मात्र दोन-तीन मोठे पडले. कागद जाळणाऱ्यांच्या नातवंडांना मात्र आता स्वतःचा कागद लिहिण्याची मुभा होती.

ही मुभा वापरायची तर माणसं लागतात, आणि ती वेगळ्या चळवळीतून आली. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि शेतकऱ्याच्या दैन्याचं मूळ त्याच्या निरक्षरतेत दाखवलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत राखीव जागा ठेवल्या, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, शाहूपुरीत गुळाची बाजारपेठ वसवली, राधानगरीचं धरण हाती घेतलं. १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहांत वेगवेगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत, स्वतः कष्ट करून शिकत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात सातारा, कोल्हापूर, नगर, पुणे या भागांत प्रत्येक मोठ्या गावात असा एखादा तरी शेतकऱ्याचा मुलगा होता ज्याला इतिवृत्त लिहिता येत होतं, ताळेबंद वाचता येत होता आणि सभेत उभं राहून हरकत घेता येत होती. भरभराटीचा हिशेब मांडताना आपण धरणं मोजतो, कारखान्यांच्या चिमण्या मोजतो. ही माणसं मोजत नाही, कारण ती कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत.

लोणीचं उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखं आहे. तिथला, प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१च्या हंगामात सुरू झाला, आणि विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहता ही नावं त्याच्याशी कायमची जोडली गेली. पण विखे पाटलांनी लोणी बुद्रुकला सहकारी पतपेढी काढली ती १९२३ साली. म्हणजे कारखान्याआधी गावाने पंचवीसहून जास्त वर्षं लहान रकमांचा सहकार चालवून पाहिला होता. दहा-वीस रुपयांचं कर्ज कोणाला द्यायचं, कोणाला नाही म्हणायचं, भावकीतल्या माणसाने हप्ता बुडवला तर त्याच्या दारात कसं जायचं, दप्तर कोणाच्या घरी ठेवायचं, सभेची नोटीस किती दिवस आधी लावायची, हे सगळं त्या पतपेढीत शिकून झालं होतं. म्हणून भागभांडवल गोळा करायला विखे पाटील गावोगाव फिरले तेव्हा लोकांनी कनवटीचा पैसा काढून दिला. भाषण ऐकून कोणी तो दिला नसता. दिलेला पैसा कागदावर येतो आणि त्या कागदाचा जाब विचारता येतो, हा अनुभव गाठीशी होता. आणि अध्यक्षपदी बसवलं कोणाला, तर पुण्याच्या गोखले संस्थेतल्या अर्थशास्त्रज्ञाला. गाडगीळ पहिली जवळपास दहा वर्षं अध्यक्ष होते. ज्याचा तिथल्या कुठल्याच भावकीशी, कुठल्याच शिवाराशी संबंध नाही असा माणूस वर बसवण्याचा हा निर्णय मला त्या सगळ्या उद्योगातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. आपल्यातल्या भांडणांचा अंदाज ज्यांना आहे, तीच माणसं असा निर्णय घेतात.

आता पलीकडच्या काठाकडे येऊ. निजामाच्या राज्यात सुमारे साठ टक्के मुलूख दिवाणी, म्हणजे सरळ सरकारच्या ताब्यात होता. उरलेला जहागीरदारांचा आणि खुद्द निजामाच्या खासगीचा, ज्याला सर्फ-ए-खास म्हणत. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या जिल्ह्यांची तुलना केली आहे. जिथे सारा जमीनदारामार्फत जमा व्हायचा तिथे, स्वातंत्र्यानंतरही कितीतरी दशकं, शेतीतली गुंतवणूक आणि उत्पादन रयतवारी जिल्ह्यांपेक्षा कमी राहिलं. जहागिरी मुलखाला हा निष्कर्ष लावून मोकळं होता येईल. पण मराठवाड्याचा बराच भाग दिवाणी होता आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सुधारणांनंतर तिथे रयतवारीसारखीच पद्धत होती. सहकाराचा कायदासुद्धा हैदराबाद संस्थानात झाला होता. मग अडलं कुठे? माझ्या मते ते सभेत आणि शाळेत अडलं. संस्थानात सभा घ्यायला आगाऊ परवानगी लागे. ‘गश्ती निशान त्रेपन्न’ हे नाव मराठवाड्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या बोलण्यात याच अर्थाने यायचं. खासगी शाळा काढायलाही परवानगी लागायची. राज्यकारभाराची भाषा उर्दू आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची शिक्षणाची भाषाही उर्दू. उर्दू ही मराठवाड्यातल्या अनेकांची आपली भाषा होती आणि आहे, पण बहुसंख्य कुणब्याच्या घरात ती बोलली जात नव्हती. त्याच्या जमिनीचा, कज्ज्याचा, साऱ्याचा कागद पुन्हा त्याला न वाचता येणाऱ्या अक्षरात होता. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा निजामकालीन दप्तरं वाचायला उर्दू आणि मोडी जाणणारी माणसं हुडकावी लागली. ज्याच्या नावाची नोंद त्याच्या नातवालाही वाचता येत नाही, त्या राज्यात हिशेब मागण्याची सवय कुठून लागणार? हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची शाळा, गावोगावची ग्रंथालयं, स्वामी रामानंद तीर्थांभोवती जमलेले शिक्षक यांनी जे केलं ते म्हणूनच फार मोठं आहे. नगर-साताऱ्याकडे जे काम कायद्याच्या आधाराने चाललं, ते इथे कायद्याची नजर चुकवून करावं लागलं.

यावर पहिला आक्षेप पाण्याचा, आणि तो बिनतोड वाटतो. १८८५ साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला, गोदावरीचे कालवे आले, १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. पाणी आलं म्हणून ऊस आला, ऊस आला म्हणून पैसा आला. खरं आहे. पण हे कालवे दुष्काळनिवारणासाठी काढले होते, आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं शेतकरी कालव्याचं पाणी घ्यायला तयार नव्हते. पाणीपट्टी भरायची, पाण्याखालच्या शेतीला भांडवल लावायचं आणि सावकाराकडे पुन्हा अंगठा उठवायचा, यापेक्षा जिरायती बाजरी बरी असं त्यांचं गणित होतं आणि ते चुकीचं नव्हतं. कालव्याकाठच्या जमिनी खंडाने घेऊन ऊस आधी पिकवला तो सासवडच्या माळ्यांनी. १९३२ साली साखरेला आयातीपासून संरक्षण मिळालं तशी खासगी कंपन्यांनी कालव्यांवर पकड बसवली. सहकारी कारखाना होण्याआधी दोन तपं प्रवरेचं पाणी तिथेच होतं आणि मूळ जमीनमालक गरीबच होता. उलट बाजूने पाहायचं तर जायकवाडीचं धरण १९७६ साली झालं, मराठवाड्याला गोदावरीचं पाणी मिळालं, तरी त्याच्या लाभक्षेत्रात प्रवरानगर उभं राहिलं नाही. आणि निव्वळ पावसावर भरभराट होत असती तर सगळ्यांत श्रीमंत कोकण झालं असतं.

दुसरा आक्षेप वऱ्हाडातून येतो, आणि तो मला जास्त अडचणीचा वाटतो. अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ इथे रयतवारी होती, कापसाचा पैसा होता, शाळा होत्या, सत्यशोधक चळवळही पोचली होती. पंजाबराव देशमुखांसारखा नेता तिथे झाला, शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. तरी शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत हीच नावं वाचावी लागतात. मग हिशेबाच्या सवयीचं काय झालं? इथे पिकाकडे पाहावं लागतं. ऊस तोडला की वजन आणि साखर दोन्ही घटू लागतात, तो एका दिवसात गाळला गेला तर बरा. त्यामुळे शेतकरी आणि कारखाना एकमेकांना बांधलेले असतात. एक कारखाना, त्याच्या भोवतीची पन्नास-शंभर गावं, तेच सभासद, तोच वजनकाटा, वर्षाला एक सभा. कापसाचं तसं नाही. तो घरात साठवता येतो, दूर पाठवता येतो, व्यापारी बदलता येतो, आणि शेतकरी एकटा पडू शकतो. कापसाला १९७०च्या दशकात सरकारने एकाधिकार खरेदी दिली, पण ती मुंबईतून चालणारी योजना होती. तिचा ताळेबंद गावच्या सभेत मांडला जात नव्हता. त्यामुळे माझा मुद्दा थोडा आवरून घ्यावा लागतो. साक्षरता आणि जमिनीचा हक्क पुरेसे नाहीत. माणसांना पुन्हा पुन्हा एकाच टेबलाशी आणणारा व्यवहारही लागतो. नगर-साताऱ्याला तो उसाने दिला, आणंदला दुधाने दिला.

तिसरा आक्षेप आजचा आहे. ज्या सहकाराचं एवढं कौतुक करायचं, त्याचं झालं काय? महाराष्ट्रात आज गाळप करणाऱ्या कारखान्यांपैकी साधारण निम्मे खासगी आहेत. कितीतरी सहकारी कारखाने कर्जात बुडाले, लिलावात गेले आणि काही ठिकाणी त्यांना बुडवणाऱ्यांच्याच गोतावळ्याने विकत घेतले असे आरोप झाले. बॅनर्जी, मुखर्जी, मुन्शी आणि राय या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ साली महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवर लिहिलेला शोधनिबंध याची नस पकडतो. सभासदांत बडे आणि लहान शेतकरी यांची सरमिसळ असते तिथे बड्यांच्या हाती सत्ता जाते. उसाचा भाव ते मुद्दाम खाली ठेवतात आणि मागे उरलेला पैसा त्यांच्या सोयीच्या कामांकडे वळतो. म्हणजे तेच एक सभासद-एक मत, तेच पोटनियम, पण आतली माणसं किती समान आहेत यावर निकाल बदलतो. मला हा आक्षेप माझ्या मताविरुद्ध जाणारा वाटत नाही. संस्था घडते तशी विटतेही. पुढे कारखान्यांच्या भांडवलाचा साचा ठरून गेला होता, तो सभासदांचे दहा टक्के, सरकारचे तीस आणि वित्तसंस्थांच्या कर्जाचे साठ असा होता. ज्या घरात शंभरातले दहाच रुपये आपले असतात, तिथे माणूस उरलेल्या नव्वदांचा जाब विचारायला रात्र जागवत नाही. मराठवाड्यात कारखाने आले ते बहुतेक याच साच्यात. लोणीला पतपेढीपासून जी पंचवीस वर्षं मिळाली ती कोणी दिली नाही, यंत्रं तेवढी मंजूर झाली.

लातूरच्या मांजरा कारखान्याकडे यासाठीच बोट दाखवावंसं वाटतं. १९८०च्या दशकात निघालेल्या या कारखान्याने चांगल्या भावासाठी आणि चोख व्यवहारासाठी नाव मिळवलं, तेही जुन्या निजामी मुलखात. इतिहास म्हणजे कपाळावरची रेघ असती तर हे घडलं नसतं. लातूर ही जुनी पेठ, बार्शी लाइट रेल्वे तिथे १९११ साली पोचली होती. आडत, वजन, पट्टी, वायदा यांची सवय त्या गावाला होती, आणि माझी समजूत अशी की कारखान्याला ती कामी आली. पण त्याच लातूरला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं. राज्याच्या लागवडीतला थोडासा हिस्सा व्यापणारा ऊस सिंचनाच्या पाण्यातला फार मोठा वाटा पितो, आणि कमी पावसाच्या प्रदेशात तो पसरवणं ही चूक होती. पश्चिमेकडून मराठवाड्याने सभा, दप्तर आणि जाब विचारणं उचलायला हवं होतं. उचललं गेलं ते पीक.

अनुशेष मोजणारी दांडेकर समिती १९८४ साली अहवाल देऊन गेली. सुमारे ३,१८६ कोटी रुपयांची तूट तिने रस्ते, सिंचन, शाळा, वीज अशा रकान्यांत मांडली. १९९४ साली वैधानिक विकास मंडळं आली, २०१३ साली केळकर समितीचा अहवाल आला. ही सगळी मोजदाद गरजेची होती आणि मराठवाडा-विदर्भाचा त्या पैशावरचा हक्क निर्विवाद आहे. तो नाकारायला माझ्या विवेचनाचा आधार कोणी घेऊ नये. पण कोणत्या गावात किती माणसं सभेत उठून प्रश्न विचारू शकतात, किती जणांना पावती मिळते, हा अनुशेष त्या रकान्यांत मांडला गेला नाही. इटलीत १९७० साली बहुतेक प्रांतांना एकसारखी प्रांतिक सरकारं मिळाली आणि तरी उत्तरेत ती चालली, दक्षिणेत रुतली. त्यावर रॉबर्ट पुटनम यांनी वीस वर्षं अभ्यास करून उत्तर दिलं ते लोकांच्या मंडळांचं, संघांचं, एकत्र येण्याच्या सवयीचं. पुटनम मात्र या सवयीची मुळं थेट मध्ययुगात नेतात, आणि तिथे मी त्यांच्याबरोबर जात नाही. दख्खनमध्ये ही सवय लागायला दोन-तीन पिढ्या पुरल्या.

आणि ती सवय सगळ्यांना लागू दिली गेली नाही, हे लिहिल्याशिवाय हे प्रकरण पुरं होणार नाही. कारखान्याचा सभासद व्हायचं तर ऊस लागतो, म्हणजे जमीन लागते. भूमिहीन दलित, भटका, शेतमजूर हा त्या सभेच्या मांडवाबाहेर राहिला. दर दिवाळीच्या सुमाराला बीडच्या पाटोदा, आष्टी, शिरूर, केज, धारूर भागांतून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादम आधी उचल देतो, ती फिटेपर्यंत कोयत्याने फड सोडायचा नाही, आणि खाडा झाला तर पैसे कापले जातात. या खाड्याच्या धाकाने बीडमधल्या बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याचं उघडकीला आलं, तेव्हा २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पश्चिमेकडची साखर या कोयत्यांवर गाळली जाते. एका प्रदेशाचं मागासलेपण दुसऱ्याच्या भरभराटीला स्वस्त मजुरी पुरवतं, आणि स्वस्त मजुरी मिळते म्हणून ते मागासलेपण टिकतं.

फडावर गाडी भरून कारखान्यावर जाते तेव्हा काट्यावर तिचं वजन होतं आणि छापील पावती निघते. तिच्यावर सभासदाचं नाव, गट नंबर, उसाची जात, भरलेलं वजन, रिकामं वजन असं सारं असतं. ती पावती शेतकरी घरी ट्रंकेत जपून ठेवतो, कारण बिल चुकलं तर तिच्या जोरावर तो गट ऑफिसात भांडू शकतो. त्याच गाडीतला ऊस ज्यांनी पहाटे चारला अंधारात उठून तोडला, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहिला, त्या दोघांचा हिशेब मुकादमाच्या खिशातल्या वहीत असतो. उचल किती, फिटली किती, खाडे किती, हे त्याच वहीत. ती वही त्यांना बहुधा दाखवली जात नाही, आणि सुप्यात १८७५ साली कागद ज्या बाजूला होता त्याच बाजूला तो इथे अजूनही आहे.